पारोची कबर आणि महानोरांचा ‘अजिंठा’

मराठीत गोष्ट गाऊन सांगण्याची परंपरा जुनी असली, तरी कोणत्या गोष्टीने कोणत्या रचनेत जायचे याच्या वाटण्या तिच्यात फार पूर्वीच होऊन गेल्या होत्या. लढाई आणि पराक्रम पोवाड्याकडे गेला, शृंगार लावणीकडे, देवादिकांच्या स्वयंवरांच्या कथा आख्यानकाव्याकडे, आणि सासरी नांदणाऱ्या बाईचे मन जात्यावरच्या ओवीकडे. रानावनात जुळलेल्या प्रेमाची आरंभापासून अखेरपर्यंत चालणारी गोष्ट, जिला इंग्रजी वाङ्मयात बॅलड आणि मराठीत कथागीत किंवा कथाकाव्य म्हणतात, तिला या वाटणीत स्वतःचे असे घर फारसे मिळाले नाही. म्हणूनच कवी ना. धों. महानोर यांचे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘अजिंठा’ हे दीर्घ कथाकाव्य वेगळे उठून दिसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल व अजिंठ्याच्या रानातील पारो यांचे प्रेम हा त्याचा विषय आहे. गिलच्या आयुष्याविषयी कागदपत्रे, तैलचित्रे आणि छायाचित्रे असा बराच ऐवज उपलब्ध आहे. पारोविषयीचा ठोस पुरावा मात्र एका दगडावरच्या काही शब्दांत सामावतो, आणि मराठीतले हे कथाकाव्य उभे राहिले ते त्या मोजक्या शब्दांभोवती.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी आधी तिचा भूगोल लक्षात घ्यावा लागतो, कारण ‘अजिंठा’ या एका नावाखाली दोन वेगळ्या जागा येतात. अजिंठ्याची डोंगररांग मराठवाड्याचे पठार आणि खानदेशातील तापीचे खोरे यांच्यामध्ये बांधासारखी पसरलेली आहे. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे उत्तरेकडे जाणारा रस्ता या पठाराच्या कडेवर पोहोचतो, तेथे अजिंठा हे जुने तटबंदीचे गाव लागते. तेथून घाट उतरल्यावर पायथ्याशी फर्दापूर येते, आणि त्याच्या जवळच वाघोरा नदीने कोरलेल्या घोड्याच्या नालासारख्या दरीत जगप्रसिद्ध लेणी आहेत. गाव सिल्लोड तालुक्यात आणि लेणी सोयगाव तालुक्यात, असा आजचा महसुली हिशेब आहे. लेण्यांना नाव गावाचे मिळाले असले, तरी दोहोंमध्ये घाट आहे. एकोणिसाव्या शतकात हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता, तर डोंगराच्या उत्तरेचा खानदेश इंग्रजांच्या ताब्यात होता. दरीत साग, पळस आणि वेलींची दाट गर्दी असे, वाघांचा वावर असे, आणि पावसाळ्यात लेण्यांच्या वरच्या अंगाला सातकुंडावरून पाण्याच्या धारा एकाखाली एक कोसळत.

मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी एप्रिल १८१९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि त्याने दहाव्या लेण्यातील एका खांबावर स्वतःचे नाव व तारीख खरडून ठेवली. पुस्तकांत यालाच लेण्यांचा शोध म्हटले जाते. दरीत गुरे चारणाऱ्या आणि मध गोळा करणाऱ्या माणसांच्या दृष्टीने हा शब्द थोडा गमतीचाच आहे, परंतु बाहेरच्या जगाला लेण्यांची खबर त्या घटनेमुळे लागली हे खरे. येथे लहानमोठी मिळून तीस लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सातवाहनांच्या काळात कोरली गेली, आणि बहुतेक गाजलेली चित्रे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली आहेत. स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने १८३९ मध्ये लेणी पाहिली. ओल, वटवाघळे, मधमाश्या आणि चित्रांचे तुकडे खरवडून नेणारे हौशी प्रवासी यांच्यामुळे ही चित्रे फार काळ टिकणार नाहीत, हे त्याने ओळखले. त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला, सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे आग्रह धरला, आणि चित्रांच्या हुबेहूब नकला करून घेण्याचे ठरले. १८४४ मध्ये या कामावर नेमणूक झाली ती रॉबर्ट गिलची.

गिलचा जन्म १८०४ चा. तो अजिंठ्याच्या कामावर नेमला गेला तेव्हा चाळिशीला पोहोचलेला होता, मद्रास सैन्यात त्याची सुमारे वीस वर्षे नोकरी झाली होती, आणि १८४१ मध्ये फ्रान्सिस रिकर्बी या इंग्रज स्त्रीशी त्याचे लग्न होऊन तो संसारीही झाला होता. चित्रकलेत त्याला गती होती आणि शिकारीचा नाद होता. कामाची नेमणूक करणाऱ्यांना पहिला गुण हवा होता, परंतु त्या दरीत वर्षानुवर्षे टिकून राहायला दुसराही उपयोगी पडला असावा. अजिंठा गावातील जुन्या बारादरीत, म्हणजे चहूबाजूंनी कमानीदार दारे असलेल्या हवेशीर इमारतीत, त्याचे वास्तव्य होते असे सांगितले जाते. गावातून घाट उतरून लेण्यांपर्यंत जायचे, अंधाऱ्या विहारांत जमेल तेवढा उजेड करून भिंत न्याहाळायची आणि मोठ्या कापडी पटावर ती उतरवायची, असे हे काम होते. ते तो १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दशके, करत राहिला.

या कामातील अडचण वाचकाला नेमकी कळावी म्हणून मूळ चित्रांची रीत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर आधी मातीत भुसा, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेला जाड गिलावा चढवलेला असतो, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवलेला असतो, आणि तो वाळल्यानंतर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी चित्र काढलेले असते. ओल्या चुन्यावर रंगवण्याच्या युरोपीय पद्धतीपेक्षा ही रीत वेगळी आहे. लाल आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी आणि चुना हे रंग जवळपासचे होते, निळा मात्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द या मौल्यवान दगडाचा. भिंतीवरचा हा रंग कोरडा आणि मंद असतो, तर गिलच्या हातात असलेला तैलरंग चकाकणारा आणि खोल होता. पहिल्याचा भाव दुसऱ्यात आणण्यासाठी नुसती नक्कल पुरत नाही, तेथे चित्रकाराला मूळ चित्राचे मन कळावे लागते. शिवाय भिंतीवरचे चित्र सलग वाहणारे असते, एका प्रसंगातून दुसरा प्रसंग चौकटीविना उगवतो, आणि कापडाला मात्र चार बाजू असतात. कुठे थांबायचे हा निर्णय प्रत्येक वेळी गिललाच घ्यावा लागला.

ज्या भिंतींसमोर हा माणूस इतकी वर्षे बसला, त्या भिंतींवर प्रेम आणि वियोग यांना किती जागा मिळाली आहे, हेही येथे नोंदवायला हवे. अजिंठ्याची चित्रे बुद्धाच्या आणि त्याच्या पूर्वजन्मांच्या, म्हणजे जातकांच्या, कथा सांगतात. कथा वैराग्याकडे नेणाऱ्या असल्या तरी चित्रकारांचा जीव संसारात गुंतलेला दिसतो. सोळाव्या लेण्यात मान टाकलेल्या एका स्त्रीचे प्रसिद्ध चित्र आहे. बुद्धाचा सावत्रभाऊ नंद भिक्षू झाल्याची वार्ता त्याचा मुकुट घेऊन आलेल्या सेवकाकडून कळताच कोसळलेली त्याची पत्नी सुंदरी ती हीच, असे अभ्यासक मानतात. नंदाला मिळालेला मोक्ष कथेला महत्त्वाचा वाटतो, चित्रकाराला मात्र सुंदरीच्या सैल पडलेल्या बोटांचे महत्त्व वाटलेले आहे. दहाव्या आणि सतराव्या लेण्यांतील छद्दंत जातकात तर मत्सर झालेली हत्तीण पुढच्या जन्मी राणी होते, सूड म्हणून आपल्या पूर्वीच्या जोडीदाराचे सुळे कापून मागवते, आणि ते सुळे समोर येताच दुःखाने प्राण सोडते. प्रेमकथेचा इतका खोल आणि इतका विचित्र शेवट नंतरच्या पुष्कळ काव्यांना साधलेला नाही.

पारोचा पुरावा अजिंठा गावात आहे. तेथे एक साधे थडगे असून त्यावरच्या इंग्रजी लेखात पारोचे नाव, ‘माझी प्रिय’ अशा अर्थाचे संबोधन आणि २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आहे. तिचे वय, गाव, जात आणि आईबापांचे नाव त्या लेखात नाही. पुढे लोकांच्या सांगण्यातून, लेखांतून आणि कवितेतून ती लेणापूरच्या बाजूची आदिवासी मुलगी झाली, रंगांची पाने-फुले गोळा करून देणारी झाली, साहेबाला दरीच्या वाटा दाखवणारी झाली. या सगळ्या गोष्टी शक्य कोटीतल्या आहेत, परंतु दगड त्यांतील एकीचीही ग्वाही देत नाही.

तरीही तो दगड जे सांगतो ते त्या काळाच्या मानाने थोडे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानी स्त्रियांशी घरोबा करणे सर्रास चालत असे. निजामाच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने हैदराबादच्या खानदानी घरातील खैरुन्निसा हिच्याशी लग्न केले होते, आणि त्यावरून कलकत्त्यापर्यंत गदारोळ झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र हवा पालटली. इंग्रज बायका मोठ्या संख्येने हिंदुस्थानात येऊ लागल्या, मिशनऱ्यांचा आणि वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचा जोर वाढला, आणि असे संबंध संपले नसले तरी ते झाकून ठेवण्याची रीत पडली. अशा वेळी, १८५७ च्या उठावाच्या अवघे एक वर्ष आधी, लग्न झालेला एक इंग्रज अधिकारी एका हिंदुस्थानी स्त्रीचे थडगे बांधतो आणि तिच्याविषयीचे प्रेम स्वतःच्या भाषेत दगडावर उघडपणे कोरून घेतो, ही गोष्ट केवळ भावनेची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. त्याचबरोबर दुसरी बाजूही विसरता येत नाही. लेख साहेबाच्या भाषेत आहे, त्यात बोलणारा तोच आहे, आणि पारोला या नात्यात काय वाटत होते, तिला नाही म्हणण्याची कितपत मुभा होती, हे तिच्या तोंडून ऐकण्याची सोय कुठेच नाही. सत्ताधाऱ्याच्या सैन्यातील अधिकारी आणि त्याच्या मुक्कामाभोवतीच्या गरीब वस्तीतील स्त्री यांच्यातील अंतर प्रेमाने पूर्णपणे मिटते असे मानणे हा कवीचा हक्क आहे, इतिहास लिहिणाऱ्याला तो नाही.

गिलचे पुढचे आयुष्य वेगाने सांगता येण्यासारखे आहे, अपवाद एका घटनेचा. १८५६ च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला आणि अजिंठा, वेरूळ, लोणार व वऱ्हाड-खानदेशातील वास्तूंची छायाचित्रे काढली. त्यांतील बरीचशी द्विप्रतिमा छायाचित्रे होती. डोळ्यांमधील अंतराएवढ्या फरकाने घेतलेल्या दोन प्रतिमा विशिष्ट भिंगातून एकत्र पाहिल्या की दृश्याला खोली येते, अशी ही युक्ती त्या काळात घरोघरी करमणुकीचे साधन झाली होती. फर्ग्युसनने या छायाचित्रांचे दोन संग्रह १८६४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. घटना घडली त्यानंतर. गिलने पाठवलेली सुमारे तीस भव्य तैलचित्रे लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रचंड प्रदर्शनगृहात मांडली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीच्या उत्तर भागाला आग लागली आणि चार-पाच चित्रे वगळता बाकी सगळी जळून गेली. वाचलेली आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ चित्रे नष्ट होतील या भीतीने ज्या नकला केल्या, त्या आगीत गेल्या आणि मूळ चित्रे भिंतीवर राहिली, असा हा उलटा हिशेब झाला. गिल त्यानंतरही याच भागात राहिला. १० एप्रिल १८७९ रोजी त्याचे निधन झाले आणि त्याला भुसावळ येथे पुरण्यात आले. पारो डोंगराच्या वर निजामाच्या मुलखात आणि गिल डोंगराच्या खाली इंग्रजी खानदेशात, अशी ही दोन थडगी वेगळ्या राजवटींत पडली.

गिलची चित्रे जळाल्यानंतर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ पासून विद्यार्थ्यांचा चमू नेऊन पुन्हा नकला केल्या, आणि लंडनमध्ये ठेवलेल्या त्याही नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत सापडल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम, तिच्यासोबत आलेले नंदलाल बोस, आणि निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी हे काम चालवले. कलेच्या इतिहासात या सर्वांचे स्थान गिलपेक्षा कमी नाही, पण लोकांच्या बोलण्यात उरला तो गिल, आणि याचे कारण त्याच्या कुंचल्यापेक्षा ते थडगे आहे.

महानोर यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी सोयगाव तालुक्यातील पळसखेड या गावी झाला. शेंदुर्णीला शाळा, जळगावच्या महाविद्यालयात जेमतेम एक वर्ष, आणि मग गावी परतून शेती, असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास आहे. शेती करता करता लिहिलेला ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ मध्ये आला आणि मराठी कवितेत एक नवा सूर दाखल झाला. निसर्गकविता मराठीत आधीही विपुल होती. परंतु तिच्यातला निसर्ग बहुधा पाहायला गेलेल्या माणसाचा होता, तर महानोरांचा निसर्ग पेरणी, निंदणी आणि पावसाची वाट पाहणे यांच्यासकट आलेला होता. रानकवी हे बिरुद त्यांना मिळाले ते यामुळे. १९७० च्या ‘वही’ या संग्रहात त्यांनी खानदेश आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्यात रात्र रात्र चालणाऱ्या वही या समूहगायनाचा बाज कवितेत आणला, आणि १९८२ मध्ये स्वतःच्या गावातील लोकगीते ‘पळसखेडची गाणी’ या नावाने संकलित केली. १९७७ च्या ‘जैत रे जैत’ या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेली गीते एव्हाना महाराष्ट्राच्या कानात बसली होती. तो चित्रपट ठाकर समाजातील प्रेमकथेचा होता, म्हणजे आदिवासी जीवनातील प्रेम गाण्यातून उलगडत नेण्याचा सरावही त्यांच्या हाताला झालेला होता. ‘अजिंठा’ या सगळ्यानंतर, १९८४ मध्ये, आला. योगायोग असा की त्याच्या आदल्याच वर्षी युनेस्कोने अजिंठ्याची लेणी जागतिक वारसास्थळ म्हणून जाहीर केली होती.

हा क्रम सांगण्याचे कारण असे की ‘अजिंठा’ हे काव्य बहुतेक वेळा एका रम्य दंतकथेचे पद्यरूप म्हणून ओळखले जाते, आणि तसे मानल्यास त्याचे खरे बळ हातातून निसटते. गिलवर लिहिणारा कोणीही लेखक कागदपत्रांतून त्याच्यापर्यंत पोहोचला असता आणि पारो त्याच्या गोष्टीतील एक प्रकरण ठरली असती. महानोर उलट दिशेने आले. ज्या डोंगराच्या कुशीत त्यांचे शेत होते, ज्याच्या पावसावर त्यांची पिके अवलंबून होती, त्या डोंगरातली बाई त्यांना परकी नव्हती. परका होता तो साहेब. म्हणून या काव्यात दगडावर नसलेल्या पारोच्या जागी डोंगर, पाऊस, पाखरे, पळसाचा रंग आणि रानातल्या माणसांची बोली येते, आणि चित्रकार या सगळ्यात हळूहळू विरघळत जातो. पारोचे चरित्र कवीला उपलब्ध नव्हते, तिचा परिसर मात्र पाठ होता, आणि त्याने एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. इतिहासाच्या कसोटीवर ही भरपाई म्हणजे कल्पनाच आहे. पण काव्य म्हणून ती प्रामाणिक आहे, कारण तिच्यातला एकही तपशील उसना आणलेला वाटत नाही.

याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात परिसरातून प्रेम सांगण्याच्या या रीतीला फार जुना पूर्वज आहे, याकडे सहसा कोणी लक्ष वेधत नाही. गोदावरीकाठचे पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी, आणि त्यांच्यातील हाल या राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा, म्हणजे दोन ओळींच्या सुट्या कवितांचा, संग्रह. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये त्याची विस्तृत मराठी आवृत्ती सिद्ध केली. त्या गाथांत राजेराण्या क्वचितच दिसतात. तेथे नांगरणारा शेतकरी आहे, शेताची राखण करणारी तरुणी आहे, पावसात अडकलेला वाटसरू आहे, आणि खेड्यातले चोरटे, खट्याळ, कधी दुखावलेले प्रेम आहे. संस्कृत काव्यातील प्रेमाला महाल आणि उद्यान लागते, या प्रेमाला कपाशीचे शेत पुरते. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी याच राजवंशाच्या काळातली असल्यामुळे चित्र आणि ग्रामीण प्रेमकविता या दोन्ही गोष्टी या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी शेजारी शेजारी होत्या. महानोरांनी गाथा समोर ठेवून काव्य रचले असे म्हणण्याची गरज नाही. पीक, पाऊस आणि प्रेम यांची एकाच श्वासात सांगड घालण्याची सवय या प्रदेशाच्या भाषेला पूर्वीपासून आहे, एवढे म्हटले तरी पुरे. फरक पडतो तो आकाराचा. गाथा एका क्षणावर थांबते, आणि महानोरांनी त्याच जातीच्या क्षणांना ओळीने लावून मृत्यूपर्यंत जाणारी गोष्ट केली.

काव्य आणि कागद यांच्यातील अंतर वाढले ते २०१२ मध्ये, जेव्हा नितीन चंद्रकांत देसाई यांनी या काव्यावर ‘अजिंठा’ याच नावाचा चित्रपट काढला. कलादिग्दर्शनासाठी अनेकदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या देसाईंनी लेणी, दरी आणि उत्सव यांचे भव्य दर्शन घडवले, कौशल इनामदार यांनी महानोरांच्या गीतांना चाली दिल्या, सोनाली कुलकर्णी पारो झाली, आणि फिलिप स्कॉट वॉलेस या अभिनेत्याने गिल उभा केला. चित्रपटातील पावसाचे गीत आजही रेडिओवर आणि गाण्याच्या कार्यक्रमांत वाजते. पण पडद्यावरचा तरणाबांड गिल आणि नोंदींमधला चाळिशी उलटलेला, बायकोमुले असलेला गिल यांत पडलेले अंतर लहान नाही. पारो वारली तेव्हा गिल बावन्नाव्या वर्षात होता. आता पुष्कळांच्या मनात गिलचे जे चित्र आहे ते या चित्रपटाचे आहे, आणि लेणी दाखवणारे वाटाडेही कित्येकदा चित्रपटातील प्रसंग इतिहास म्हणून सांगतात. कथागीतांच्या बाबतीत हे जगभर घडत आले आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरची जुनी बॅलड असोत की पंजाबातील हीर-रांझ्याची कथा असो, गाणारा बदलला की तपशील बदलतो आणि शेवटचा गाणारा खरा ठरतो. फक्त त्या कथांना शेकडो वर्षे आणि शेकडो कंठ लागले, अजिंठ्याच्या कथेला एक कवी, एक दिग्दर्शक आणि तीसपेक्षाही कमी वर्षे पुरली.

तेव्हा काव्य आणि इतिहास यांपैकी एकाची बाजू घेण्याचे कारण नाही, मात्र दोहोंची गल्लत टाळलेली बरी. गिलची छायाचित्रे आणि उरलेली तैलचित्रे यांचा उपयोग आज भिंतींवरचे कोणते भाग गेल्या दीडशे वर्षांत झडले हे पडताळण्यासाठी होतो, आणि तो उपयोग प्रेमकथेवर अवलंबून नाही. उलट महानोरांचे काव्य वाचण्यासाठी गिलचा जन्म कधी झाला हे ठाऊक असण्याची गरज नाही. खटकते ते एवढेच की लेण्यांना जाणारे पर्यटक संभाजीनगरहून येताना ज्या अजिंठा गावातून पुढे जातात, त्या गावात बहुधा कोणी उतरत नाही. तटबंदी, बारादरी आणि ते थडगे हा सगळा ऐवज घाट उतरण्याआधी, वाटेवरच आहे.

महानोरांना १९९१ मध्ये पद्मश्री मिळाली, ‘पानझड’ या संग्रहासाठी २००० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि विधान परिषदेत राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून त्यांनी शेती आणि पाणी यांचे प्रश्न मांडले. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांचा मृत्यू झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला, महानोर पुण्यात निवर्तले. पारोची गोष्ट कागदावर आणणारा आणि ती पडद्यावर नेणारा, दोघेही चोवीस तासांच्या अंतराने गेले. पळसखेडच्या लोकगीतांप्रमाणे ही गोष्ट आता गावोगावच्या कंठात उतरते की पुस्तकात आणि चित्रपटातच राहते, हे या भागातील पुढच्या गाणाऱ्यांवर आहे.